वाचकांचे प्रश्न : वाइनचे ग्लास घेताना आणि धुताना

प्रश्न : आम्ही घरात दोघंच. महिन्यातून एखाद-दोनदा नाशिकची शेनिन ब्लाँ (व्हाइट वाइन) किंवा शिराझ (रेड वाइन) आणतो. दुकानात रेडचे, व्हाइटचे, स्पार्कलिंगचे (म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनचे) असे वेगवेगळे सेट दाखवतात. सगळे घ्यावेत का? (कोथरूड)

नको. एकाच आकाराचे चार ग्लास घ्या : ३५० ते ४५० मिलीचे, दांडीवाले, पोटात रुंद आणि काठाकडे निमुळते. वाइनचा वास पोटात साठतो आणि अरुंद तोंडामुळे तो लगेच उडून जात नाही. वाइन पारखणाऱ्यांसाठी ठरवलेला आयएसओ ३५९१ हा प्रमाण ग्लासही असाच आहे. तो पोटात ६५ मिमी आणि काठाशी ४६ मिमी रुंद असतो. त्यात २१५ मिली मावतं, पण ओततात फक्त ५० मिली. घरी १२० ते १५० मिली ओता, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत पाच-सहा ग्लास होतात. काठोकाठ भरला तर वास साठायला जागाच उरत नाही.

ग्लासच्या आकारामुळे वाइन जिभेच्या ठरावीक भागावर पडते आणि म्हणून चव बदलते, असं विक्रेते सांगतात. त्यावर पैसे घालवू नका. गोड, आंबट, कडू या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

दांडी मात्र हवीच. व्हाइट ८ ते १२ अंशांना चांगली लागते आणि पोटाला हात लावून धरली की ती भराभर गरम होते. रेडला १६ ते १८ अंश लागतात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये घरात एवढा गारवा कुठला? तेव्हा रेडही अर्धा तास आधी फ्रीजमध्ये ठेवा.

घेताना ग्लास काउंटरवर ठेवून डुगडुगतो का ते बघा, आणि काठावरून बोट फिरवा. जाड, गोल कड तोंडात येते, पातळ काठाचा ग्लास प्यायला जास्त छान वाटतो.

प्रश्न : ग्लास कितीही धुतले तरी वाळल्यावर पांढुरके दिसतात. सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. (वाघोली)

हे जड पाण्याचे क्षार आहेत. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम काचेवर राहतं. साबणाने ते निघत नाही आणि घासणीने घासलं तर काचेवर ओरखडे पडतात, मग नवा थर त्यात आणखी घट्ट बसतो.

एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग कोमट पाणी घ्या, त्यात ग्लास पंधरा मिनिटं बुडवून ठेवा आणि मऊ स्पंजने पुसा. थर गेला तर तो क्षारांचाच होता. व्हिनेगरनेही हललं नाही, तर काच झिजली आहे. डिशवॉशरमधली उष्णता आणि अल्कधर्मी पावडर वारंवार लागली की असं होतं. त्यावर उपाय नाही.

पुढे रोजची पद्धत बदला. वाइन संपली की ग्लासमध्ये लगेच पाणी घाला, रेडचा डाग वाळू देऊ नका. वडीचा साबण नको, पातळ लिक्विडचा एक थेंब पुरे. साबणाचा अंश राहिला तर स्पार्कलिंगचा फेस लगेच बसतो. शेवटी आरओच्या पाण्याने विसळा. दोन ग्लासांना एक फुलपात्र पाणी पुरतं. आणि निथळत न ठेवता ओले असतानाच पुसा, म्हणजे क्षार जमायला थेंबच उरणार नाही. फडकं मायक्रोफायबरचं किंवा बरंच धुतलेलं, धागे न सोडणारं सुती घ्या. ते धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा चिकटा काचेवर येतो.

प्रश्न : पुसताना दांडी तटकन तुटली. ग्लास हलक्या दर्जाचा होता का? (सदाशिव पेठ)

बहुधा नाही. एका हातात बूड धरून दुसऱ्या हाताने पोट आतून फिरवलं की सगळा पीळ दांडीवर येतो. पोट पुसताना हात पोटालाच धरा, बूड पुसताना बुडाला. दोन्ही हात दांडीच्या एकाच बाजूला राहिले पाहिजेत. सिंकमध्ये जाडसर टॉवेल अंथरा आणि नळ बाजूला वळवून ठेवा. बरेचसे ग्लास धुताना नळाच्या तोंडावर आपटूनच फुटतात. काठाला टवका उडाल्याची शंका असेल तर कापसाचा बोळा काठावरून फिरवा. तंतू अडकले की तो ग्लास टाकून द्या.

प्रश्न : ठेवताना उलटे की सुलटे? (औंध)

सुलटे. उलटा ठेवला की सगळं वजन सर्वांत नाजूक काठावर येतं आणि कपाटाचा वास आत कोंडतो. मसाल्यांच्या किंवा नव्या प्लायवुडच्या कपाटात ठेवू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढलेले ग्लास आधी धुवा.

प्रश्न : घरात जुनं, जड लेड क्रिस्टलचं (शिसं घातलेल्या काचेचं) डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं भांडं आहे. वापरावं का? (कॅम्प)

अशा काचेत २४ टक्के किंवा त्याहून जास्त लेड ऑक्साइड असतं आणि वाइन आंबट असल्यामुळे शिसं हळूहळू तिच्यात उतरतं. जेवणापुरतं, तास-दोन तास ओतून ठेवायला हरकत नाही, पण उरलेली वाइन परत बाटलीत घाला. रात्रभर त्यात ठेवू नका. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी तर त्यातून सरबतही देऊ नका. तळाशी डाग असेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं कोमट पाणी घालून गोल-गोल हलवा आणि भरपूर पाण्याने विसळा.