स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवर तीन दिवसांत पक्षी आणि जुने अवशेष, दोन्ही पाहून होतील का?

होतील. फक्त ‘एक दिवस पक्षी, एक दिवस अवशेष’ अशी वाटणी मनात असेल, तर ती आधी खोडून टाका. पार उत्तरेच्या अन्स्ट बेटापर्यंत जायचा मोहही सोडा. दोनदा बोट बदलण्यातच दिवस संपतो. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन बंदरातून रात्रीच्या बोटीनं सकाळी शेटलंडच्या मुख्य गावी, लरविकला उतरलात की सरळ दक्षिण टोक गाठा.

तिकडे जाताना रस्ता चक्क विमानतळाची धावपट्टी ओलांडतो. रेल्वे फाटकासारखा दांडा खाली येतो आणि विमान जाईपर्यंत आपण गाडीत बसून राहायचं! पलीकडे लगेच जार्लशॉफ, म्हणजे प्राचीन वस्तीचे अवशेष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळांनी किनारा ढासळला, तेव्हा हे उघडं पडलं. कांस्ययुगातली घरं, लोहयुगातली गोल घरं, नॉर्स (व्हायकिंग) लोकांची लांबट घरं आणि या सगळ्यांवर एका जमीनदाराच्या वाड्याच्या पडक्या भिंती. दोन तास ठेवा. मग संध्याकाळी जवळच्या सम्बरा हेडच्या दीपगृहापाशी जा. रंगीत चोचीचे पफिन पक्षी समुद्रावरून परततात आणि कठड्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बिळाच्या तोंडाशी उभे राहतात. दुर्बीण गळ्यात तशीच लटकत राहिली माझी.

पण खरं पाहायचं ते मूसा. छोटं निर्जन बेट, त्यावर सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा, 13 मीटर उंच गोल बुरूज. चुना नाही, नुसता दगडावर दगड. त्याच्या भिंतींच्या फटींत स्टॉर्म पेट्रेल घरटी करतात. चिमणीएवढा काळा पक्षी, दिवसा दिसतच नाही. म्हणून मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत रात्री उशिरा समोरच्या किनाऱ्यावरच्या सँडविक गावाहून बोट सोडतात. तिचं तिकीट आधी काढा, आणि पहिल्याच रात्रीचं काढा. मी शेवटची रात्र धरली होती, वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागलं.

वाटेत टर्न पक्षी डोक्यावर झेपावतात, टोपी हवीच. बुरुजाशी पोचलात की भिंतीला कान लावा. आत मांजर घुरघुरतंय आणि मधेच उचकी देतंय, असा आवाज येतो. टॉर्च नेऊ नका. जूनमधे तिथे मध्यरात्रीही पायाखालची वाट दिसते.