वाचकांचे प्रश्न : केरकच्या किल्ल्यात पाऊण तास

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त शिक्षक असून येत्या नोव्हेंबरमध्ये एका सहल कंपनीबरोबर जॉर्डनला जात आहोत. कार्यक्रमपत्रिकेत अम्मानहून पेट्राला जाताना ‘केरक किल्ला – पाऊण तास’ अशी नोंद आहे. हा किल्ला क्रुसेडरांनी (मध्ययुगात जेरुसलेमसाठी लढायला आलेल्या युरोपीय ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी) बांधला आणि तो आजही चांगल्या स्थितीत आहे, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. गाविलगड आणि नरनाळा आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदा पाहिले आहेत. परंतु परदेशी किल्ल्यात नेमके काय पाहावे याची कल्पना नाही. पाऊण तास पुरेल का? (लक्ष्मीनगर, नागपूर)

उत्तर : पाऊण तास पुरणार नाही. तेवढ्या वेळात खंदकावरचा पूल ओलांडून, वरच्या चौकातून मृत समुद्राच्या दिशेने दोन छायाचित्रे काढून माणूस बसमध्ये परत येतो. मी पहिल्या भेटीत नेमके हेच केले आणि किल्ल्याचा निम्म्याहून अधिक भाग पायाखाली, जमिनीच्या पोटात आहे, हे मला नागपूरला परतल्यावर कळले. सहल कंपनीला आताच पत्र लिहून किमान अडीच तास मागून घ्यावेत. ते शक्य नसेल, तर अम्मानहून स्वतंत्र गाडी करून जावे. अंतर सुमारे 120 किलोमीटर आहे. हातात सकाळचा वेळ असावा, कारण हिवाळ्यात किल्ला लवकर बंद होतो.

आपण गाविलगड पाहिला आहे, ही मोठी शिदोरी आहे. कोणत्याही किल्ल्यात शिरण्यापूर्वी ‘शत्रू कोणत्या बाजूने येणार?’ हा प्रश्न विचारावा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगितले असेलच. गाविलगडाच्या दक्षिणेला उभा कडा आहे आणि उत्तरेकडे मात्र पठाराच्या बाजूने वाट आहे. म्हणूनच त्या दिशेला एकामागे एक तट उभे केले आहेत, आणि म्हणूनच डिसेंबर 1803 मध्ये इंग्रजांनी दक्षिणेकडून नुसती हूल देऊन कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीकरवी तोफा मेळघाटच्या डोंगरांतून ओढत उत्तरेला नेल्या आणि 15 डिसेंबरला किल्ला घेतला. केरकचा भूगोल याच जातीचा आहे, फक्त दिशा उलटी आहे. केरक शहर एका सुट्या डोंगरमाथ्यावर वसले असून किल्ला त्याच्या दक्षिण टोकावर आहे. पूर्व-पश्चिमेला उतार तीव्र आहेत. उत्तरेला खंदक खोदून किल्ला शहरापासून तोडला आहे. खरी भीती दक्षिणेची होती, कारण त्या बाजूला अरुंद खिंडीपलीकडे लगेच दुसरी, अधिक उंच टेकडी उभी आहे आणि तिच्यावरून दगडफेकी यंत्रांचा मारा करता येत असे. त्यामुळे तेथेही खंदक खोदला आहे आणि किल्ल्यातील सर्वांत भक्कम बांधकाम, म्हणजे दक्षिणेचा प्रचंड बुरूजवाडा, नेमका त्या टेकडीकडे तोंड करून उभा आहे. आत गेल्यावर सर्वप्रथम या दक्षिण टोकाला जाऊन समोरची टेकडी पाहावी. ती पाहिल्यावाचून बाकीच्या भिंतींचा अर्थ लागत नाही.

हा दक्षिणेचा बुरूजवाडा क्रुसेडरांचा नाही, ही गोष्ट बहुतेक पर्यटक लक्षातच घेत नाहीत. किल्ल्याची उभारणी 1142 च्या सुमारास जेरुसलेमच्या फुल्क राजाचा मद्याधिकारी पेयन याने सुरू केली. इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याच्या सैन्याने 1188 मध्ये तो घेतला, म्हणजे क्रुसेडरांच्या हाती तो अर्धशतकही राहिला नाही. पुढे सलाहुद्दीनच्या अय्यूबी घराण्याकडून तो 1263 मध्ये इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स याच्याकडे आला आणि मामलुकांनी त्याची मोठी पुनर्बांधणी केली. वरच्या चौकातील राजवाडा 1311 चा, तोही मामलुकांचाच आहे. तेव्हा ‘क्रुसेडरांचा जतन केलेला किल्ला’ ही पाटी वाचून आत जाणारा मनुष्य प्रत्यक्षात बराच वेळ क्रुसेडरांना हरवणाऱ्यांच्या बांधकामाचे कौतुक करीत असतो. आपल्याकडे नाही का, गोंडांनी वसवलेल्या किल्ल्यावर बहमनी, इमादशाही आणि भोसले यांचे थर चढतात आणि आपण मात्र शेवटच्या धन्याच्या नावाने त्याला ओळखतो. केरकमध्ये उलट झाले आहे. नाव पहिल्या धन्याचे चालू राहिले.

हे थर डोळ्यांनी वेगळे करता येतात, आणि मला विचाराल तर केरक पाहण्यातला खरा आनंद तोच आहे. क्रुसेडरांच्या भिंतींत काळपट-तांबूस, कठीण दगड आहे. त्याची घडाई ओबडधोबड असून सांधे जाड आहेत. मामलुकांनी फिकट करडा-पांढरा चुनखडीचा दगड वापरला. तो मऊ असल्यामुळे नीट घडवता आला आणि त्याचे थर सरळ बसले. एकाच भिंतीत खाली एक आणि वर दुसरा दगड दिसला, की तेथे किल्ल्याने धनी बदलला असे समजावे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना पांढरा तट सुरुवातीला किल्ल्याचा वाटतच नाही, हा भाग निराळा.

यानंतर जमिनीखाली उतरावे. उत्तरेच्या तटालगत लांबच लांब कमानदार दालने आहेत. त्यांपैकी काही पागा होत्या असे मानतात. आत वीज नाही असे कोपरे पुष्कळ आहेत, म्हणून विजेरी हवीच. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. या दालनांच्या भिंतींत ज्या उभ्या अरुंद फटी दिसतात, त्या आपल्या जंग्यांच्या, म्हणजे तटातून मारा करायच्या भोकांच्या, बहिणी आहेत. आपल्याकडील जंग्या बहुधा बंदुकीसाठी असतात, म्हणून त्या आखूड असून खालच्या बाजूला तिरप्या उतरतात. येथील फटी धनुर्धारी आणि आडव्या धनुष्याने लढणाऱ्या शिपायांसाठी आहेत, म्हणून त्या उंच असून आतून रुंद आणि बाहेरून बोटभर आहेत. आत उभे राहून बाहेर पाहावे, म्हणजे आतल्या माणसाला किती दिसत होते आणि बाहेरच्याला किती कमी दिसत होते, ते कळेल. मुदपाकखान्याच्या भागात मोठी भट्टी आणि ऑलिव्हच्या तेलाचा घाणा आहे. तेथेही पाच मिनिटे थांबावे. पाण्याची टाकी कुठे आहेत हे वाटाड्याला विचारावे, कारण हा किल्ला शेवटी पडला तो दगडांच्या माऱ्याने नव्हे. हत्तीनच्या लढाईत, 4 जुलै 1187 रोजी, जेरुसलेमच्या राज्याचे सैन्य संपले. त्यानंतरही केरकची शिबंदी एक वर्षाहून अधिक काळ टिकून राहिली आणि अन्न संपल्यावर तिने किल्ला खाली केला.

बाहेर पडल्यावर लगेच गाडीत बसू नये. किल्ल्याला वळसा घालून पूर्वेच्या बाजूने त्याच्याकडे खालून पाहावे. तटाच्या पायथ्याचा डोंगरउतार दगडांनी फरसबंद करून गुळगुळीत केलेला दिसेल. त्यावर शिडी ठरत नाही, पायही ठरत नाही, आणि पायथ्याशी सुरुंग खणणाऱ्याला लपायला आडोसा मिळत नाही. आपल्याकडे डोंगराचा कडा तासून जे साधले, ते येथे दगड जडवून साधले आहे.

तिकिटाविषयी एक सूचना. ‘जॉर्डन पास’ नावाचा एकत्रित परवाना भारतातूनच घेऊन ठेवावा; पेट्रातील दिवसांनुसार तो 70, 75 किंवा 80 दिनारांना मिळतो आणि केरक, शोबक, अजलून हे किल्ले त्यातच येतात. देशात किमान तीन रात्री मुक्काम असल्यास व्हिसाचे शुल्कही त्यातच माफ होते. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा ते निघण्यापूर्वी दूतावासाकडून तपासून घ्यावेत. वाटेत शोबकला अर्धा तास मिळाल्यास सोडू नये. तो किल्ला पहिल्या बाल्डविन राजाने 1115 मध्ये बांधला. केरकपेक्षा अधिक पडझड झालेला असला, तरी उजाड टेकडीवर एकटा उभा असल्यामुळे त्याचे रूप दुरूनच मनात भरते.

प्रश्न : क्रुसेडरांचा सर्वांत उत्तम टिकलेला किल्ला सीरियातील क्राक दे शेव्हालिए हा आहे, असे सर्वत्र वाचायला मिळते. मग तो सोडून केरकला का जावे? (महाल, नागपूर)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. ज्याला आपण चिलखती तट म्हणतो, म्हणजे तटाच्या आत दुसरा उंच तट आणि मधल्या पट्ट्यात शिरलेला शत्रू दोहोंच्या माऱ्यात, त्याचा क्राकइतका सुरेख नमुना त्या काळात क्वचितच सापडेल. त्रिपोलीच्या (आजच्या लेबनॉनमधील) काउंटने 1142 मध्ये तो हॉस्पिटलर या लढवय्या धर्मसंघाला दिला. 1170 च्या भूकंपानंतर संघाने त्याची मोठी डागडुजी केली आणि बाहेरचा तट तेराव्या शतकात चढवला. सलाहुद्दीन 1188 मध्ये तेथवर येऊन परत फिरला. बैबर्सने 1271 मध्ये तो घेतला तेव्हाही आतल्या शिबंदीने वाटाघाटी करून किल्ला सोडला. वरिष्ठांच्या नावाचे बनावट पत्र आत पाठवून तिला फसवले, अशी हकिकत सांगतात. पुढे किल्ल्याच्या आत चक्क एक गाव वसले होते. फ्रेंच अमलात, 1933 मध्ये, ते हलवून वास्तू मोकळी केली गेली. युनेस्कोने 2006 मध्ये तिला जागतिक वारसा ठरवले आणि यादवी युद्धात तिच्यावर मारा झाल्यावर, 2013 मध्ये, तिचे नाव धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले.

सीरियात सहलीला जावे की नाही, हे भारत सरकारच्या प्रवाससूचना पाहूनच ठरवावे. कुटुंबासह जाणाऱ्या हौशी प्रवाशाला मी आज केरकच सुचवीन. दुधाची तहान ताकावर भागवण्याचा हा प्रकार नाही, एवढे मात्र नमूद करतो. क्राकमध्ये वास्तुकला शिकायला मिळते, तर केरकमध्ये राजकारण.

प्रश्न : वेढा चालू असताना केरकमध्ये लग्न लागले आणि सलाहुद्दीनने नवदांपत्याच्या बुरुजावर मारा करू नये असा हुकूम दिला, ही गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात. ती खरी आहे का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : लग्न खरे आहे आणि वेढाही खरा आहे. 1183 च्या अखेरीस जेरुसलेमच्या राजघराण्यातील इसाबेला आणि तोरोनचा हम्फ्री यांचा विवाह केरकमध्ये झाला. वधू अवघी अकरा वर्षांची होती, हे सांगायला वाटाडे बहुधा विसरतात. नवऱ्या मुलाची आई स्टेफनी हिने मेजवानीतील पदार्थ सलाहुद्दीनच्या छावणीत पाठवले आणि त्याने उलट विचारले की, जोडपे कोणत्या बुरुजात आहे, म्हणजे तेवढा आम्ही वगळू. हा भाग क्रुसेडरांच्या बाजूच्या एका इतिवृत्तातून आला आहे. शत्रूनेच शत्रूचे औदार्य नोंदवले म्हणून त्यावर थोडा अधिक विश्वास ठेवावासा वाटतो. तथापि बाकी किल्ल्यावर मारा चालूच होता, हे विसरू नये. वेढा उठला तो कुष्ठरोगाने जर्जर झालेला चौथा बाल्डविन राजा डोलीत बसून सैन्यासह मदतीला निघाला तेव्हा.

गोष्टीत झाकले जाते ते नवऱ्याच्या सावत्र वडिलांचे, किल्ल्याच्या धन्याचे चरित्र. शातियोंचा रेनाल्ड हा दमास्कसहून मक्केकडे आणि मिसरकडे जाणाऱ्या वाटेवर केरकमध्ये बसून होता. त्याने जहाजांचे सुटे भाग उंटांवर लादून अकाबाच्या आखातापर्यंत नेले, तेथे ती जोडली आणि तांबड्या समुद्रातील बंदरे व यात्रेकरूंची गलबते लुटली. तह असताना त्याने काफिला लुटला आणि त्यातूनच हत्तीनची मोहीम उभी राहिली. लढाईनंतर सलाहुद्दीनने पकडलेल्या जेरुसलेमच्या तेव्हाच्या राजाला जीवदान दिले. रेनाल्डला मात्र त्याने स्वतः तलवारीने मारले. वरच्या चौकातून खालची वाट किती स्पष्ट दिसते ते पाहिले, की या माणसाला येथे बसून काय काय सुचत असेल, ते उमगते.

प्रश्न : बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे. किल्ला सुरक्षित आहे का? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : मुलगा धावरा असेल तर त्याचा हात सोडू नये. तटाच्या बऱ्याच भागाला कठडे नाहीत आणि जमिनीत अचानक उघडी भोके आहेत. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. किल्ला बऱ्याच उंचीवर असल्याने नागपूरच्या मे महिन्याची सवय असलेल्याला तेथील जुलैही फारसा जाणवणार नाही. नोव्हेंबरनंतर मात्र स्वेटर लागतो. डिसेंबर 2016 मध्ये याच किल्ल्यात बंदूकधारी दहशतवादी शिरले होते आणि त्या हल्ल्यात सुरक्षा कर्मचाऱ्यांसह एका परदेशी पर्यटक महिलेचाही बळी गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. आज किल्ला पर्यटकांसाठी नेहमीप्रमाणे खुला असतो. शेजारी देशांतील परिस्थिती मात्र निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावी.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. केरकमध्ये जेवणाचे काय? (इतवारी, नागपूर)

उत्तर : हुम्मुस, फलाफल आणि पोळीसारखा खुब्ज सगळीकडे मिळतो. फलाफल म्हणजे वाटलेल्या हरभऱ्याचा तळलेला वडाच. आपल्याला तो परका वाटत नाही, तिखट तेवढे कमी लागते. तांदूळ आणि अख्खा मसूर यांची ‘मुजद्दरा’ मिळाली, तर खिचडी मिळाल्यासारखे वाटेल. केरकची खरी ख्याती ‘जमीद’ची आहे, मेंढीच्या वा शेळीच्या दुधाचे ताक घट्ट करून, मीठ घालून, उन्हात वाळवलेले हे पांढरे, दगडासारखे कठीण गोळे बाजारात दिसतील. वस्तू दुधाची आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. जमीद पाण्यात विरघळवून जो ‘मनसफ’ करतात, तो मटणाचा असतो, आणि नुसता भात दिला तरी त्यावर तोच रस्सा ओतलेला असतो.