अँटीबॉडी आल्याच नाहीत, मग लस वाया गेली का?

प्रश्न: आईचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. कोरोनाची लस दिली पण अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली. टी-सेलची पण टेस्ट असते म्हणे, करून घेऊ का? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर: ताई, आधी घाबरू नका. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून अँटीबॉडी कमी बनतात, पण टी-सेल (व्हायरस ओळखणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जागे झालेले असू शकतात आणि ते अँटीबॉडी टेस्टमध्ये दिसतच नाहीत. त्यासाठी एलिस्पॉट नावाची टेस्ट असते, १९८३ पासूनची पद्धत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यात व्हायरसच्या स्पाइक प्रोटीनचे तुकडे घालून जवळपास दिवसभर ३७ डिग्रीला ठेवायच्या, मग ज्या पेशींना ते तुकडे ओळखू येतात त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रोटीन सोडतात आणि प्लेटवर तिथं एकेक ठिपका उमटतो, ते ठिपके मोजायचे. टीबीसाठी रक्ताची इग्रा नावाची टेस्ट करतात, तिचं तत्त्वही हेच. पेशी जिवंत लागतात, म्हणून सॅम्पल लांब पाठवायचं तर वेळेचं गणित बघावं लागतं.

पण किती ठिपके म्हणजे आई सेफ, असा आकडा ठरलेला नाही, त्यामुळे मी तरी यावर पैसे घालवा म्हणणार नाही. पुढच्या डोसचं किडनीच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका.