परिच्छेद आणि छोटा निबंध नीट बांधून कसा लिहायचा?

विचार डोक्यात भरपूर असतात पण कागदावर उतरले की गुंता होतो असं म्हणताय ना, तर आधी निबंध बाजूला ठेवा आणि फक्त एक परिच्छेद लिहायला शिका. एका परिच्छेदात एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात तो सरळ सांगून टाका, मग "कशावरून?", "म्हणजे काय?" असं स्वतःलाच विचारत जा, त्याची उत्तरं म्हणजेच पुढची चार-पाच वाक्यं. समजा मुद्दा आहे की झोप कमी झाली की वाचलेलं लक्षात राहत नाही, तर तिथे मोबाइलचे तोटे घुसवू नका, कितीही खरे असले तरी त्यांना वेगळा परिच्छेद द्या. बहुतेकांना हेच जड जातं, छान जमलेलं वाक्य काढायचं जिवावर येतं, पण काढाच. 'म्हणून', 'शिवाय', 'तरीही' उगाच पेरू नका, दोन वाक्यांत खरंच तसं नातं असेल तरच वापरा. 300 शब्दांच्या निबंधाला असे तीन-चार परिच्छेद पुरतात, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली तरी चालते. झालं की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने वाचून बघा, तेवढ्यावरून निबंध कळत नसेल तर परिच्छेदांचा क्रम बदला.