विद्यापीठातल्या जैवरसायनशास्त्राच्या संशोधनाचा शाश्वत विकासाला खरंच उपयोग होतो का?

होतो, पण कारखान्यातल्या अडचणी सोडवल्या तरच. पेट (PET) या प्लास्टिकच्या बाटल्यांचं बघा. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी तिथल्या साकाई शहरातल्या नमुन्यांत पेट खाणारा जिवाणू शोधला. त्याचं एन्झाइम (प्लास्टिक तोडणारं प्रथिन) 30 अंश सेल्सिअसच्या आसपास चालतं. प्लास्टिकच्या साखळ्या मात्र 65-70 अंशांनंतरच सैल होतात. म्हणून फ्रान्समधल्या तुलूजच्या गटाने उष्णता सोसणारं वेगळंच एन्झाइम सुधारून घेतलं (2020): 72 अंश, दर ग्रॅम पेटला 3 मिलिग्रॅम एन्झाइम, 10 तासांत 90 टक्के विघटन.

खरी मेख पूर्वतयारीत आहे. बाटलीचं प्लास्टिक बरंचसं स्फटिकी असतं, म्हणजे साखळ्या घट्ट रचलेल्या असतात, एन्झाइम त्यात शिरतच नाही. आधी वितळवायचं, झटकन थंड करायचं, मग बारीक दळायचं. विघटनाच्या वेळी तापमान आणखी वाढवलं तर ते पुन्हा स्फटिकी होऊन बसतं. शिवाय विघटनात टेरेफ्थॅलिक आम्ल (पेटचा एक मूळ घटक) सुटून सामू (pH) घसरतो, काम मंदावतं. तो 8 च्या आसपास राखायला कॉस्टिक सोडा सतत घालावा लागतो. पुढे सल्फ्युरिक आम्लाने टेरेफ्थॅलिक आम्ल वेगळं केलं की सोडियम सल्फेटचा ढीग उरतो.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर नव्या एन्झाइमच्या मागे लागण्यापेक्षा हा सोडा कसा वाचेल ते बघा. त्यात नाव कमी, उपयोग जास्त.