हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या दिसणाऱ्या जुन्या तारवाद्याची पट्टी जोरात दाबली तरी आवाज का वाढत नाही?

कारण त्यात तार ठोकली जात नाही, छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावरचा उभा लाकडी जॅक वर जातो आणि त्यातली नखी तारेला छेडते. ही नखी पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची असे, आता बहुधा डेलरिन प्लास्टिकची असते. बोट कितीही जोरात पडो, नखी तार जवळपास तेवढीच ताणून सोडते. आवाज वाढवायचा तर तारांचा दुसरा संच जोडावा लागतो.

परतताना नखीची जीभ, म्हणजे जॅकमधला नखी धरणारा छोटा झुलता तुकडा, मागे झुकते आणि जॅक खाली येतो. नखी लांब राहिली किंवा दमट हवेने जीभ घट्ट झाली, की जॅक तारेवरच लटकतो आणि पट्टी पुन्हा वाजत नाही. आधी जीभ मोकळी फिरते का ते पाहा. नखी कापायची ती शेवटी, अगदी केसभर. जास्त कापली तर सूर मरतो.

क्लॅव्हिकॉर्ड या पट्ट्यांच्याच दुसऱ्या जुन्या तारवाद्यात मात्र पितळी पाते तारेला लागून तिथेच टेकलेले राहते, म्हणून जोर ऐकू येतो, बोट हलवून सूर कंपितही करता येतो. पण फार दाबलं तर सूर चढतो, आणि आवाज एका खोलीपुरताच. या दोन्ही अडचणींवर फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास तारेवर आपटून लगेच मागे येणारी हातोडी बसवली. तोच पहिला पियानो.