यादीतली निम्मी ठिकाणं खोड

प्रिय दोस्त,

तुझी यादी वाचली. चार दिवस आणि नऊ ठिकाणं: दोन धबधबे, शिखर, गुहा, सरोवर, हिमनदी, खिंड, राफ्टिंग आणि तळाशी 'वेळ उरल्यास' रॉक क्लाइंबिंग. ते दोन शब्द वाचून हसू आलं. डोंगरात वेळ उरत नसतो, तो आधीच काढून ठेवावा लागतो. म्हणून यातली निम्मी ठिकाणं आजच खोड. कुठली, ते तुझं तू ठरव. का, ते सांगतो.

नकाशावर आठ किलोमीटर दिसले की सपाटीच्या सवयीने आपण दीड-पावणेदोन तास धरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही कामाला येतो: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटर वाट आणि 900 मीटर चढ असेल तर तीन तासांच्या वर. यात पाणी पिणं, फोटो, वाट चुकणं, काहीच धरलेलं नाही. तुझ्यासाठी हा आकडा दीडपट कर. आणि उतरायला निम्माच वेळ लागतो हा समज डोक्यातून काढ. घसाऱ्यावरून थकलेल्या पायांनी उतरताना कधीकधी चढाइतकाच वेळ जातो, आणि लक्ष ढिलं पडतं तेही तेव्हाच.

मग अंधार पडण्यापासून उलटं मोजत ये आणि माघारीची वेळ ठरव. ती सोबत्यांना सांग, मागे राहणाऱ्या कुणाला तरी लिहून दे. घड्याळात ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असलं तरी फिरायचं. वर पोहोचत आलं की आपलीच बुद्धी शिखराची वकिली करायला लागते, म्हणून हा निकाल खाली असतानाच देऊन टाकायचा.

उन्हाळ्यात डोंगरावरची हवा बहुधा दुपारनंतर बिघडते. उतार तापतात, दमट हवा वर चढते, ढगांचे फुलकोबीसारखे गड्डे उभे वाढू लागतात. त्यामुळे धारेवर, म्हणजे डोंगराच्या उघड्या कण्यावर, किंवा माथ्यावर जायचं असेल तर पहाटे निघून दुपारच्या आत खाली वळ. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपेक्षा कमी सेकंद गेले, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आलं असं समज आणि धार सोड. एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीच्या तोंडाशी आडोसा घेऊ नकोस. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांब. हा अर्धा तास तुझ्या वेळापत्रकात आहे का? नसेल तर वेळापत्रक चुकलंय.

उंचीचं थोडक्यात सांगतो. साधारण 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, व्यायामाने कमावलेलं शरीरही त्याला अपवाद नाही. 3000 मीटरच्या पुढे रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा 500 मीटरहून अधिक वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढ. डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही. सोबत्याबद्दल शंका आली तर त्याला टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांग. झोक जात असेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं. तुझ्या यादीतली खिंड नेमकी किती उंच आहे ते आधी बघ.

आता ज्यासाठी एवढा वेळ वाचवायचा, त्याकडे येऊ. धबधब्यासमोर दहा मिनिटं उभं राहून फोटो काढून येण्याला माझी हरकत नाही, पण तेवढ्यात तो दिसत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन दरीत श्टाउबबाख नावाचा धबधबा जवळपास 300 मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळतो. इतका उभा कडा तिथे आला कुठून? मुख्य दरीतली हिमनदी जाडजूड होती, तिने दरी खोल कोरली. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं खोल कोरता आलं नाही. बर्फ वितळल्यावर त्यांच्या दऱ्या वरच अधांतरी राहिल्या. भूगोलाच्या पुस्तकात तू ज्याला 'लोंबती दरी' म्हणून पाठ केलंस, ती हीच. आता दरीच्या मध्यावर उभं राहून दोन्ही बाजू बघ. तळ रुंद आणि भिंती उभ्या असतील तर तिथे बर्फाने काम केलं असण्याची शक्यता मोठी; तळ चिंचोळा आणि उतार तिरके असतील तर नदीने. मग धबधबा एकटा दिसत नाही, सगळी दरी दिसते.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीवरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला होता. राज्याचे भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी म्हणत होते की जमीन खचून ही दरी झाली. जॉन म्यूर तिथे मेंढरांच्या कळपाबरोबर आलेला माणूस, पदवी नाही, पद नाही. त्याचं म्हणणं, हे हिमनदीचं काम. व्हिटनींनी त्याची टर उडवली. म्यूर मात्र हिंडत राहिला, आणि 1871 मध्ये त्याला तिथल्या उंच डोंगरात एक जिवंत हिमनदी सापडली. पुढे बर्फाच्या बाजूनेच निकाल लागला, जरी म्यूरने बर्फाला जरा जास्तच श्रेय दिलं होतं आणि नदीचा वाटाही मोठा निघाला. मला या गोष्टीत आवडतं ते एवढंच की त्याचा पुरावा पायाखाली होता. तुलाही तो शोधता येईल. जुन्या हिमनदीच्या वाटेवरचा उघडा कातळ तिरप्या उन्हात चकाकतो. त्यावर अंगठा फिरव: गुळगुळीत लागेल, आणि मधूनमधून एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे लागतील. बर्फात रुतलेल्या दगडांनी ते काढले. बर्फ कुठल्या रेषेत सरकत होता, ते ओरखडेच सांगतात. असा कातळ तुला ऊन तिरपं असतानाच सापडेल, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, घाई नसताना.

हिमनदीच्या तोंडाशी जाशील तेव्हा अंतर राख. तिथल्या निळ्या कमानीखाली फोटोसाठी शिरू नकोस, ती कमान कधीही ढासळते. हिमनदीचा ओढा ओलांडायचा असेल तर पहाटे ओलांड. दिवसभर बर्फ वितळून दुपारपर्यंत पाणी वाढलेलं असतं, आणि सकाळी घोट्याएवढं वाटलेलं पाणी परतताना वाट अडवतं. कुठल्याही ओढ्यात अचानक गढूळपणा आला, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, तर वर कुठेतरी पाऊस झालाय असं समजून काठावरून वर सरक. गुहेत शिरतानाही हाच विचार कर. बाहेरचं पाणी आत येतं.

राफ्टिंग ठेव यादीत. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणालातरी खांद्याजवळ धरून वर ओढायला सांग. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत. पाण्यात पडलंच तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पावलं पाण्याच्या वर. जोरदार प्रवाहात उभं राहायला जाऊ नकोस. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की पाणी माणसाला आडवं करतं, मग बुडायला कंबरभर पाणीही पुरतं. क्लाइंबिंग मात्र या खेपेला नको. दोराची गाठ आणि हार्नेस (दोर जोडायचा कमरेचा पट्टा) एकमेकांचे तपासायची सवय एका उरल्यासुरल्या दुपारी लागत नाही.

एक शिट्टी घे आणि ती सॅकच्या आत न टाकता खांद्याच्या पट्ट्याला बांध. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा. मदतीची ही खूण डोंगरात बऱ्याच ठिकाणी ओळखली जाते, आणि उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी शोधणारे दिसेपर्यंत वाजवत राहायचं.